वाशीमचा राजवाडा कुठे गेला?

मेडशीच्या एस.टी. थांब्यावर दोन दिशांच्या गाड्या मिळतात. एक पातूरचा घाट उतरून अकोल्याला जाते, दुसरी मालेगाववरून वाशीमला. बाजार, दवाखाना, कचेरी, लग्नाचा बस्ता, कशासाठी ना कशासाठी आपण वाशीमला जातोच. पण 'आपण राजधानीला चाललो' असे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही कधी आले नव्हते.

ते आणून दिले माझ्या सहावीतल्या भाचीने. शाळेच्या पुस्तकात वाकाटक राजांची माहिती वाचता वाचता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "मामा, राजा वाशीमले राहत होता, तं मंग त्याचा वाडा कोठी हाय?"

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय वो, राजाचा वाडा पाहून तुले काय करा लागते?" पोर म्हणाली, "पाहाचा हाय."

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. मग पुस्तके काढली, जाणत्यांना विचारले, जमेल तसे फिरून पाहिले. जे हाती लागले ते आपल्या कुटुंबाच्या पानावर मांडतो आहे, कारण हा प्रश्न एकट्या माझ्या भाचीचा नाही.

वत्सगुल्म म्हणजेच वाशीम

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता संपल्यावर विदर्भात वाकाटक घराणे पुढे आले. विंध्यशक्ती हा या घराण्याचा मूळ पुरुष. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने राज्य मोठे केले. त्याच्यामागे राज्याच्या वाटण्या झाल्या. एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धन येथे राहिली, तर प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्म येथे आपले ठाणे मांडले. चौथ्या शतकातली ही गोष्ट.

पुढे दीडशे वर्षांच्या आसपास या शाखेचे राज्य चालले. सर्वसेन, विंध्यशक्ती दुसरा, प्रवरसेन दुसरा, देवसेन आणि शेवटचा मोठा राजा हरिषेण. सर्वसेन स्वतः कवी होता. 'हरिविजय' नावाचे काव्य त्याने प्राकृत भाषेत लिहिले. आज आपण जी मराठी बोलतो तिची पणजी म्हणजे ही प्राकृत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हा त्याच यादीत पाली आणि प्राकृतही होत्या. म्हणजे बुद्धवचनाची भाषा, वाशीमच्या राजाची काव्यभाषा आणि आपली मायबोली, तिघींचा मान एकाच दिवशी झाला.

वाशीम ही राजधानी होती हे पुराव्याने कधी सिद्ध झाले? १९३९ साली वाशीमलाच एक ताम्रपट मिळाला. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली ती राजाची सनद होती. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी सहकाऱ्यासह ती वाचून प्रसिद्ध केली. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून ती दिली होती. नांदीकट म्हणजे आजच्या नांदेडच्या भागातले एक गाव त्याने काही ब्राह्मणांना दान केले, असा तिचा मजकूर आहे. या एका ताम्रपटाने विदर्भाच्या इतिहासातली मोठी चूक दुरुस्त झाली. अजिंठ्याच्या शिलालेखात सर्वसेनाचे नाव झिजले होते आणि आधीच्या अभ्यासकांनी ते चुकीचे वाचले होते. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यावर ते नाव नीट लागले. तोपर्यंत वाशीमची ही शाखा वेगळी आहे हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते.

सनद सापडली, राजांची नावे सापडली. वाडा मात्र सापडला नाही. आजच्या वाशीम शहरात वाकाटकांच्या राजवाड्याची एकही भिंत उभी नाही.

मनसरच्या विटा

मग तो वाडा होता तरी कसा? याचा अंदाज घ्यायला नागपूरच्या पलीकडे जावे लागते. नागपूर-जबलपूर रस्त्यावर रामटेकच्या अलीकडे मनसर गाव आहे. मँगनीजच्या खाणींमुळे कामगारवर्गाला ते परिचित आहे. तिथे तळ्याच्या काठी आणि शेजारच्या हिडिंबा टेकडीवर १९९७-९८ पासून काही वर्षे उत्खनन चालले. हे काम नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राने हाती घेतले होते. जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा या दोन नाणावलेल्या पुरातत्त्वज्ञांनी ते केले. आपल्या समाजाच्या संस्थेने स्वतः पुढाकार घेऊन एवढे मोठे उत्खनन घडवले, ही बाब आपल्या पोरांना सांगण्यासारखी आहे.

टेकडीच्या खाली विटांच्या एका मोठ्या वास्तूचा पाया उघडा झाला. नंदिवर्धन शाखेचा राजा दुसरा प्रवरसेन (वाशीमच्या त्याच नावाच्या राजाहून हा वेगळा) याने प्रवरपूर ही नवी राजधानी वसवली होती. ती हीच, आणि ही वास्तू म्हणजे त्याचा राजवाडा, असे अभ्यासक मानतात. उंच जोते, जोत्याच्या बाहेरच्या अंगाला विटांतच काढलेल्या अर्धस्तंभांची नक्षी आणि वर भिंतींचे अवशेष असे ते बांधकाम आहे. गवंडीकाम करणाऱ्या आपल्या बांधवांनी ते एकदा पाहावे. ओळंबा आणि करणी घेऊन ज्याने आयुष्य काढले, त्याला त्या विटांची ओळ पाहून मागचा हात ओळखता येईल.

टेकडीवरच्या अवशेषांबद्दल मात्र मतभेद आहेत. नागार्जुनाच्या आठवणीशी आपल्या लोकांनी ही जागा जोडली आहे आणि तिथे स्तूप होता, असे उत्खनन करणाऱ्यांनी म्हटले. 'प्रवरेश्वर' हे नाव असलेल्या मुद्रा तिथे मिळाल्याने ते राजाने बांधलेले शिवाचे देऊळ होते, असे हान्स बेकर आणि इतर अभ्यासक सांगतात. दोन्ही बाजू वाचाव्यात. पुराव्याला घाबरण्याचे आपल्याला कारण नाही. तथागतांनी कालामांना हेच सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही खरे मानू नका.

मनसरपासून जवळच नगरधन आहे. तेच जुने नंदिवर्धन. तिथल्या अलीकडच्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. नवरा लवकर गेला, मुले लहान होती, म्हणून तिने स्वतः राज्यकारभार पाहिला. सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भात एका बाईच्या नावाचा शिक्का चालत होता, हे आपल्या माय-माउल्यांनी ध्यानात ठेवावे.

वाडा कोणाच्या जिवावर?

आता परत वाशीमच्या ताम्रपटाकडे येऊ. त्यात एक यादी आहे. ती वाचली तेव्हा मला राजवाडा डोळ्यांसमोर दिसला, विटांपेक्षाही स्पष्ट दिसला.

दान दिलेल्या गावाला काय काय माफ केले, त्याची ही यादी. या गावात शिपायांनी शिरू नये. इथून सोन्याची आणि धान्याची भेट मागू नये. फुले आणि दूध घेऊ नये. पाळीपाळीने बैल नेऊ नयेत. चामडे आणि कोळसा मागू नये. खाटा आणि भांडी मागू नयेत. ओझी वाहायला लावू नये. यादी प्राकृतात आहे आणि त्यातला 'खट्टा' हा शब्द म्हणजे आपली खाट.

ज्या एका गावाला हे माफ झाले ते दान घेणाऱ्यांचे गाव. मग माफी नसलेल्या बाकीच्या गावांचे काय? त्यांना हे सगळे द्यावे लागत होते, हाच याचा अर्थ. राजाचा अंमलदार गावात आला की त्याला खाट, त्याच्या बैठकीला चामडे, त्याच्या चुलीला कोळसा, त्याच्या गाडीला बैल, त्याच्या ओझ्याला माणूस. चामडे कोण कमावत होता? ओझे कोणाच्या डोक्यावर होते? ताम्रपटात त्यांची नावे नाहीत. पण यादी वाचताना आपल्या घरातल्या जुन्या माणसांना ती नवी वाटणार नाही. गावकीची कामे, वेठ, सरकारी माणूस आला की धावपळ, हे त्यांनी आपल्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेले आहे. प. पू. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले, ते याच जुन्या ओझ्याविरुद्ध. ते ओझे किती जुने आहे याचा लेखी पुरावा आपल्याच वाशीमच्या तांब्यात कोरलेला आहे.

राजवाडा फक्त विटा आणि लाकडाचा नसतो. दररोज पहाटे त्याच्यासाठी दूध काढणारे, फुले तोडणारे, बैल जुंपणारे हात असतात. त्या हातांवर तो उभा असतो.

तळे राहिले नावात

सगळेच राजे आणि सगळेच अधिकारी फक्त घेणारे होते, असेही नाही. वाशीमजवळच हिस्से-बोराळा गाव आहे. तिथे देवसेन राजाच्या काळचा एक शिलालेख मिळाला. त्यात शक ३८० असा काळ दिलेला आहे, म्हणजे इसवी सन ४५८-५९. राजाच्या एका अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचे तळे बांधले, अशी त्यात नोंद आहे. वाकाटकांच्या बहुतेक लेखांत राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. शक वर्ष सांगणारा हा लेख त्यामुळे फार मोलाचा ठरला. वाशीमच्या काळ्या जमिनीत उन्हाळा कसा जातो हे आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलखात तळे बांधणाऱ्याने आपले नाव दगडावर लिहून ठेवले, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ज्यांना लढावे लागले त्यांच्या लेकरांना तळ्याची किंमत जास्त कळते. तो लेख वाचताना एकच विचारावेसे वाटते, की सुदर्शन तळ्यावर पाणी भरायला कोणाला मोकळीक होती?

लाकूड गेले, दगड राहिला

आता मुख्य गोष्ट. वाशीमच्या दरबारातली वास्तुकला पाहायची असेल तर ती अजिंठ्याला पाहायला मिळते.

हरिषेण हा वाशीमच्या शाखेचा सर्वांत बलाढ्य राजा, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मंत्री वराहदेव. या वराहदेवाने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्खुसंघाला दान दिले. लेण्याच्या ओसरीबाहेर डाव्या अंगाच्या भिंतीवर त्याचा लेख आहे. वाशीमच्या राजांची वंशावळ त्यातच दिलेली आहे. म्हणजे वाशीमच्या घराण्याचा दाखला वाशीममध्ये कमी आणि बुद्धविहाराच्या भिंतीवर जास्त सापडतो!

लेखात विहाराचे वर्णन आहे. खिडक्या, दारे, चित्रांच्या सुंदर ओळी, ओटे, अप्सरांच्या मूर्ती, देखणे खांब, जिने, आत बुद्धाचे चैत्य आणि बाहेर भरपूर पाण्याचे टाके व नागराजाचे ठाणे. इंद्राच्या महालाशी त्याची तुलना केलेली आहे. वाचणाऱ्याला वाटावे की एखाद्या वाड्याचेच वर्णन चालले आहे. आणि तसेच आहे. ज्या मंत्र्याचा जन्म राजवाड्याच्या पायऱ्या चढण्यात गेला, त्याला सुंदर घर म्हणजे काय ते तिथूनच कळले असणार.

वाघूर नदीकडून पायऱ्या चढून गेले की दाराशी दगडाचे दोन हत्ती दिसतात. पुढे वेटोळ्यावर बसलेला नागराज आहे. वर गेले की ओसरी आणि मग मोठे दालन, सुमारे ६५ फूट लांब-रुंद, २० खांबांचे. तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या आणि समोरच्या गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेले तथागत. मधे चौक, भोवती खांबांची पडवी, पडवीला लागून खोल्या. आपल्याकडच्या जुन्या चौसोपी वाड्याची मांडणी अशीच असते.

पुढच्या पडवीत उभे राहून मान वर करावी. छताला दगडात तुळया कोरल्या आहेत आणि त्या तुळयांच्या टोकांना आधार देणाऱ्या छोट्या मूर्तीही आहेत. दगडाच्या डोंगरात तुळईची गरज नसते. छत पडायचे नसते, कारण ते डोंगरच असते. मग तुळया का कोरल्या? कारण कोरणाऱ्यांना लाकडी घरे बांधण्याची सवय होती. मोठी घरे, महाल, सभागृहे लाकडाची असत. त्या लाकडी कामाची हुबेहूब नक्कल त्यांनी दगडात उतरवली. वाशीमच्या वाड्याची लाकडे कुजली, विटा विखुरल्या, आणि वर राहते शहर वसले. पण त्या काळचे छत कसे होते ते अजिंठ्याच्या दगडात तसेच्या तसे शिल्लक आहे.

असे लेणे खालून वर बांधत नाहीत, वरून खाली कोरतात. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. चूक झाली तर दगड परत जोडता येत नाही. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे. त्यात छिन्नीचे घाव आजही उघडे दिसतात. खाणीत किंवा खडी फोडण्याच्या कामावर राबलेल्या माणसाने ते घाव जरूर पाहावेत. वराहदेवाच्या लेखात राजे आहेत, मंत्री आहेत. कोरणाऱ्याचे नाव मात्र त्यात नाही. तरी त्याची सही छताला आहे.

चित्रातला राजा दाराबाहेर पडतो

वराहदेवाच्या लेण्यात तथागतांचा भाऊ नंद याची कथा चित्रित केली आहे. राजघराण्यातला नंद राज्य आणि घर सोडून संघात येतो आणि मागे त्याची सुंदरी दुःखाने कोसळते. शेजारच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात वेस्संतर जातक आहे, सर्वस्व दान करून वाड्याबाहेर पडणाऱ्या राजपुत्राचे. पहिल्या लेण्यात महाजनक जातक आहे. बारीक लाकडी खांबांच्या मंडपात राणी आणि दासींमध्ये बसलेला राजा, आणि मग वाड्याच्या दरवाजातून घोड्यावरून कायमचा बाहेर निघालेला तोच राजा. हे पहिले लेणे स्वतः हरिषेणाने करवले असावे, असे आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास केलेले अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचे मत होते.

हरिषेण बौद्ध होता असे म्हणायला पुरावा नाही. वाकाटक राजे बहुतेक वैदिक परंपरेचे होते आणि ब्राह्मणांना गावे देत होते, हे वर आलेच आहे. पण त्यांच्याच मंत्र्याने संघाला विहार दिला. लेखाच्या शेवटी त्याने स्वतःसाठी राज्य मागितले नाही, सगळ्या जगाला दुःखातून सुटून शांत पद मिळो, एवढीच कामना केली. पलीकडे सिल्लोड तालुक्यातले घटोत्कच लेणेही त्याचेच दान.

हरिषेणानंतर राज्य झपाट्याने मोडले. अजिंठ्याचे काम थांबले. वत्सगुल्मचा दरबार उठला. पंधराशे वर्षांत वाशीमवर कितीतरी सत्ता आल्या आणि गेल्या. शेवटी १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, तेव्हा त्या जुन्या राजधानीला निदान जिल्ह्याचे ठिकाण हा मान मिळाला.

आपल्या हाती काय आहे?

वाचक बंधू-भगिनींनो, वाशीमचा वाडा जमिनीखाली असेल, कोणाच्या घराच्या पायात असेल, विहिरीच्या काठात असेल. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेत नांगरताना, पाया खणताना किंवा रोजगार हमीच्या कामावर तांब्याचा पत्रा, अक्षरांचा दगड, जुनी नाणी किंवा मोठ्या विटा लागल्या तर त्या भंगारवाल्याला विकू नयेत, सोनाराला दाखवू नयेत. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात कळवावे. सापडलेल्या निधीबद्दलचा कायदा १८७८ पासूनच आहे. एक ताम्रपट वितळला असता तर वाशीमचा इतिहासच वितळला असता. कामावर पहिली कुदळ आपल्याच माणसाची पडते, म्हणून ही राखणही आधी आपल्याकडेच येते.

दुसरी गोष्ट अशी, की सहल काढताना अजिंठ्याची काढावी. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळावा. वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून तिथून एस.टी.ने लेण्यांपर्यंत जावे लागते. आपल्या पातूरच्या टेकडीतही खडकात कोरलेल्या लेण्या आहेत, त्या तर मेडशीहून हाकेच्या अंतरावर. आधी त्या दाखवल्या तरी पोरांना 'डोंगर कोरून घर' म्हणजे काय ते कळेल.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला गेलो. ताईही आली. १६ नंबरच्या लेण्यात पोरीला उभे केले आणि म्हणालो, "वर पाह्य, ह्या वाशीमच्या वाड्याच्या तुळया."

ती बराच वेळ मान वर करून पाहत राहिली. मग तिने विचारले, "मामा, ह्या कोनं कोरल्या, त्याचं नाव कोठी लिवलं हाय?"

मी काही बोलण्याआधीच ताई म्हणाली, "नाही लिवलं, बाई. म्हनून तर तुले शाळेत घातलं."